दादाच्या दगडातला रंग

घरी पाहुणे आले की चहा होईपर्यंत बायको त्यांना गच्चीवर पाठवते. "ह्यांचे दगड बघून या," असं म्हणताना तिच्या आवाजात जो कंटाळा असतो तो पाहुण्यांनाही ऐकू येतो. ते वर येतात, पत्र्याच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापुढे हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "बाप रे, एवढे दगड!" मग कुणीतरी वरच्या फळीवरच्या रंगीत अमोनाइटकडे बोट दाखवतं आणि विचारतं, "हा रंग तुम्ही दिलाय का?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. तीस वर्षं मी सांगलीजवळच्या कुपवाडला एका कारखान्यात पॉलिशचं काम केलं. रंग देणं हे माझं काम कधीच नव्हतं. रंग घालवणं हे माझं काम होतं. पण हे पाहुण्यांना सांगून काय उपयोग? मी म्हणतो, "नाही, उपजतच आहे," आणि चहा झाला का ते खाली ओरडून विचारतो.

अमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा एक प्राणी. आपल्या माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा भाऊबंद, पण अंगावर वेटोळं कवच घेऊन फिरणारा. प्राणी मेला, कवच चिखलात रुतलं, चिखलाचा दगड झाला आणि त्या दगडाच्या पोटात कवचही दगड होऊन बसलं. आमच्या सातारा-सांगलीकडे कितीही खणा, असलं काही सापडायचं नाही. इथे खाली सगळा लाव्ह्याचा काळा कातळ. त्यामुळे हा छंद आमच्या मातीतला नाहीच. तो आमच्या घरी आला फौजेच्या ट्रंकेतून, आणि ट्रंक होती माझ्या थोरल्या भावाची.

दादा फौजेत ड्रायव्हर होता. मोठ्या गाड्या चालवायचा. त्याची बदली कच्छला झाली आणि पहिल्याच रजेला तो ट्रंकेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून एक दगड घेऊन आला. लिंबाएवढा, तपकिरी, आणि त्यावर बैलाच्या शिंगासारखं वळण. तिकडे ओढ्याच्या घळीत असे पडलेले असतात म्हणाला. आईने तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि शाळीग्राम म्हणून थेट देवघरात नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यावर तुळशीपत्र आणि गंध. मी म्हणालो, आई, मला तो जरा घासून बघायचाय. आई म्हणाली, पूजलेल्या देवाला हत्यार लावतोस होय रं? विषय संपला. पुढच्या रजेला दादाने दोन दगड आणले. एक आईला उघडपणे दाखवला आणि दुसरा ट्रंकेच्या तळातून काढून गुपचूप माझ्या पिशवीत टाकला.

"तू मशीनवरचा मानूस," तो म्हणाला. "ह्येच्या भवतीचा दगूड काढून आतला शंख मोकळा करता येतोय का बघ."

तिथून आमची जोडी जमली. त्याने तिकडून आणायचे आणि मी इकडे सोडवायचे. सोडवणे हा आमचाच शब्द. अडकलेला माणूस सोडवावा तसा दगडातला शंख सोडवायचा. पहिले चार-पाच मी फोडले. छिन्नी जरा जास्त लागली की शंखाचे दोन तुकडे. मग शिकलो. भंगारातून छोटा कॉम्प्रेसर आणि पॉलिशचं एक जुनं चाक आणलं. धातूवर नंबर कोरायचं हवेचं पेन असतं, त्याचं टोक घासून बारीक केलं. दाताच्या डॉक्टरांकडून टाकाऊ सुया मागून आणल्या. माधवनगरच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली उभी केली आणि दर रविवारी तोंडाला फडकं बांधून तिथे बसायला लागलो. दगडाचा पांढरा धुरळा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. बायकोने एकदाच निक्षून सांगितलं, "आजपासून त्या खोलीत मी पाऊल टाकायची नाही," आणि तिने ते पाळलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचा फार उपयोग झाला.

दादाचा फोन यायचा. बायकापोरांची चौकशी करायच्या आधी विचारायचा, "सुटला का रं?" मी सांगायचो, अर्धा सुटला, बाहेरचं वेटोळं दिसायला लागलंय. त्याला एवढा आनंद व्हायचा की पलीकडून तो दुसऱ्या कुणाला तरी सांगताना ऐकू यायचं, "माजा भाव हाय धाकटा, कुपवाडला. त्येच्या हातनं कवाच काम बिघडत न्हाई."

ते खरंही होतं. आमच्या कारखान्यात दूध डेअऱ्यांसाठी स्टेनलेसचे पाइप आणि जोड बनायचे. वेल्डिंग झालं की जोडाच्या दोन्ही बाजूंना धातूवर रंग उमटतो. सोनेरी, जांभळा, निळा, पाण्यावर तेल सांडल्यासारखा. बघायला छान दिसतो, पण गिऱ्हाइकाला तो चालत नाही. रंग म्हणजे तिथे धातू भाजलाय. तो बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर धरून घालवायचा, खालून आरशासारखा पांढरा धातू निघाला की जोड पास. आमचा सुपरवायझर नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचा: रंग दिसला की दाब, रंग गेला की सोड. माझ्या हातून अठरा वर्षांत एक जोड परत आला नव्हता. याची मला घमेंड होती. नव्हती कशाला म्हणू?

सांगलीत एक निवृत्त सर होते, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेले. त्यांच्याकडे मी माझे दगड घेऊन जायचो. ते भिंगातून बघायचे आणि शिकवायचे. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की काही अमोनाइटवर मूळ कवचाचा थर शिल्लक असतो. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी झळाळी, पण दाबाने तिच्यात हिरवे-तांबडे रंग खेळतात. "तसा कधी मिळाला तर पॉलिशच्या चाकापासून लांब ठेवा," ते म्हणाले. "तो थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो. उघडा करायचा आणि सोडून द्यायचा." मी मान हलवली. असा दगड आपल्या नशिबात कुठला, असं मनात म्हणालो. पुढे सर मुलीकडे पुण्याला गेले आणि आमची गाठभेट संपली.

आणि मग एक दिवस दादाचा फोन आला. तो इतका मोठ्याने बोलत होता की मी फोन कानापासून लांब धरला.

"आरं, ह्यो सादा न्हाई! ह्येच्यात रंग हाय. एका बाजूला टवका उडालाय, तिथं पानी टाकलं की हिरवा दिसतोय, वळवला की तांबडा. मोराच्या मानंवानी. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलाय."

"दुसऱ्या कुनाला दाखवलास का?"

"दाखवत व्हतो, पर आमची मंडळी हसत्यात. दगडात काय बघायचं म्हनत्यात. तू बघ. आन् गडबड करू नगंस. पायजे तर वरीस लागू दे."

कवठे महांकाळकडचा एक जवान रजेवर येत होता. त्याच्याबरोबर दादाने तो दगड पाठवला. मिरज स्टेशनवर मी तो घेतला. लोकरीच्या दोन मोज्यांत घातलेला, वरून सुतळीने बांधलेला. आणणाऱ्याने गाठसुद्धा सोडून बघितली नव्हती. नारळाएवढा होता. घरी येऊन टवका उडालेल्या जागी ओलं बोट फिरवलं आणि उन्हात धरलं. दादा म्हणाला होता ते शब्दन् शब्द खरं होतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत हिरवा होता, त्याच्या कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा. मी कितीतरी वेळ तो नुसता फिरवत बसलो. दादाला फोन करून एवढंच म्हणालो की मिळाला, बघतो. आधी सांगायचं नाही, पुरा सोडवूनच त्याच्या हातात द्यायचा, असं मी ठरवलं होतं. ही माझी हौस. तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

कितीतरी रविवार मी त्याच्यावर घातले. चाक नाही, घाई नाही. पेनने वरचा दगड उडवायचा, मग सुईने कण कण काढायचा. हळूहळू एक बाजू पुरी उघडी झाली. आतल्या वेटोळ्यात हिरवा जास्त, बाहेरच्या वेटोळ्यात तांबडा, आणि जिथे दोन्ही भेटत होते तिथे एक जांभळी रेघ. मी इतकं सुंदर काही कधी हाताने उघडं केलेलं नव्हतं. फक्त एक खोट राहिली होती. वरून चुन्याचं पातळ पांढुरकं सायीसारखं काहीतरी होतं आणि त्यामुळे कोरडा असताना रंग मळकट दिसायचा. पाण्याने ते जात नव्हतं. सुईने ओरखडे पडले असते.

त्या आठवड्यात कारखान्यात एका डेअरीची मोठी ऑर्डर होती. सहा दिवस मी जोडच जोड घासले होते. रविवारी सकाळी गच्चीवर बसलो आणि मनात आलं, मऊ कापडाच्या चाकावर, पॉलिशचा साबण न लावता, नुसतं टेकवून उचललं तर साय जाईल. सरांचे शब्द आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. आठवले. पण सर पुस्तकातले, आपण चाकावरचे, असं वाटलं.

चाक सुरू केलं, दगड टेकवला. साय लगेच गेली आणि खालून रंग असा भडकून वर आला की काय सांगावं. सोनेरी, हिरवा, जांभळा, निळा. आणि माझ्या हाताने दाबलं.

मी दाबलं असं मला लिहायचं होतं, पण खरंच हाताने दाबलं. अठरा वर्षं त्या हाताला एकच गोष्ट माहीत होती. रंग दिसला की दाब. कोपर बरगडीला टेकवून, अंगाचा भार पुढे देऊन, जोड फिरवतो तसा दगड फिरवला. रंग पुढे सरकला तसा हात त्याच्या मागे गेला. आणि रंग जाऊन खालून गुळगुळीत तपकिरी दगड निघाला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, क्षणभर समाधान वाटलं. काम झाल्याचं समाधान. मग मी हात सोडला आणि बघितलं.

मोजके श्वास, तेवढाच वेळ लागला. रंगाची पंधरा-सोळा कोटी वर्षं असोत की वीस, त्याला माझ्या हातापुढे मोजके श्वास टिकता आलं. चाक बंद केलं. बाहेरच्या वेटोळ्यावर दोन बोटं रुंदीचा एक पट्टा मात्र राहिला होता, तांबडा आणि त्यात थोडा हिरवा. बाकी सगळं तपकिरी, आणि आरशासारखं चकचकीत. कारखान्यात असता तर पास झाला असता.

खालून बायकोने हाक मारली. रविवारचं मटण झालं होतं. मी खाली जाऊन जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, रस्सा मागून घेतला. हे मी सांगतोय, कारण पुढचं काम मी गोंधळात केलं नाही हे कळावं. जेवून, हात धुऊन, मी परत वर गेलो, खोलीचं दार लावलं आणि उरलेला पट्टा चाकावर धरून घालवला. यावेळी हाताने नाही. मी घालवला.

का? तो पट्टा दादाला दाखवला असता तर तो काय म्हणाला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. "आरं जाऊ दे, ऱ्हायला तेवढा तरी हाय की," असं म्हणाला असता आणि पाठीवर हात ठेवला असता. पण त्या पट्ट्याकडे बघितलं की शेजारचं सगळं किती सुंदर असणार हे कुठल्याही आंधळ्याला कळलं असतं. माझ्या हातून काम बिघडलं हे त्या पट्ट्याने जन्मभर सांगितलं असतं, दादाला, त्याच्या फौजी दोस्तांना, ज्याला त्याला. दगडात रंग नव्हताच म्हटलं की माझ्या हाताला काही लागत नव्हतं. फक्त दादाच्या डोळ्यांना लागत होतं. तेवढं मी त्या दुपारी तोलून बघितलं आणि त्याच्यावर ढकललं. धुरळा झाडून टोपलीत भरला आणि खाली नेऊन कचऱ्यात टाकला.

गावच्या जत्रेला दादा रजा काढून आला. साताऱ्याकडच्या आमच्या गावात जत्रेला सगळी भावकी गोळा होते. मी दगड घेऊन गेलो होतो. मला वाटलं होतं, त्याला बाजूला घेऊन दाखवावा. पण दादाने आधीच सोप्यात पंधरा-वीस माणसं जमवून ठेवली होती. "या, या, मोराचा दगूड बघा," असं म्हणून त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि कापड काढलं.

सगळे पुढे वाकले. दादाने दगड फिरवला. उन्हात नेला. तांब्यातलं पाणी ओतलं, परत फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"रंग कुटं हाय रं?"

"रंग न्हवताच दादा," मी म्हणालो. "पान्यानं तुला तसं दिसलं आसंल."

"आरं, म्या बघितलाय की!"

"मग काय मी खाल्ला? फोटो बघ की तुझ्या फोनातला."

त्याच्याकडे तेव्हा बटणांचा साधा फोन होता. त्यात त्याने फोटो काढला होता खरा, पण त्या फोटोत रंग कुठला यायला? राखाडी गोळा आणि दादाच्या अंगठ्याची सावली. तो फोटो हातोहात फिरला आणि सोप्यात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "फौजी, मोर रानात ऱ्हातोय गड्या, दगडात न्हवं." दादाही हसायला लागला होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, अजून एक खिळा ठोकला की हे कायमचं मिटलं. मी म्हणालो, "दादा, डोळं तपासून घे बाबा. उद्या गाडी चालवताना तांबड्याचा हिरवा दिसला तर आवघड हुईल."

माणसं लोळून हसली. दादाचं हसणं थांबलं. ड्रायव्हरला असं बोलायचं नसतं. त्याने दगड कापडात गुंडाळून माझ्याकडे दिला. "तुज्याकडंच ठेव," म्हणाला. "तू म्हनतोस म्हंजी नसंलच. तुजी नजर मापातली."

भांडला असता तर बरं झालं असतं. रागावला असता, चार वर्षं बोलला नसता, तरी मी ते सोसलं असतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला म्हणजे स्वतःवरचा काढून घेतला. त्यानंतर त्याने कच्छहून एकही दगड आणला नाही. फोनवर "सुटला का रं" विचारणंही थांबलं. मी एकदा म्हणालो, दादा, आण की एखादा. तो म्हणाला, "माज्या नजरंला काय कळतंय? उगं वझं कशाला व्हायचं?"

फौजेत दरवर्षी डोळे तपासतात, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावून रंग ओळखता येतात का तेही बघतात. त्यात तो पास व्हायचा. पण त्याचंही तो म्हणायला लागला, "त्या ठिपक्याच्या पुस्तकातलं आकडं आता पाठ झाल्यात. त्येच्यात काय न्हाई." निवृत्त होऊन गावी आला तेव्हा शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवा होता. संस्थेची माणसं स्वतः घरी आली. इतकी वर्षं डोंगरात आणि वाळूत गाड्या चालवलेला, दारूचा थेंब न घेणारा माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार? दादाने हात जोडले. "लोकांची पोरं हायती. माज्या नजरंचा भरवसा न्हाई." त्या जागी दुसरा आला आणि दादा एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर जाऊन उभा राहिला, बेदाण्याच्या गाड्यांचे नंबर लिहीत. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसांना तो आत सोडायचा आणि बाहेर सोडायचा.

वहिनी एकदा माझ्याजवळ बोलल्या. त्यांना वाटलं असेल, धाकट्या दिराला सांगावं. "भावजी, ह्यांचं काय कळंना झालंय. साताऱ्यात सिग्नलला आलं की हिरवा पडला तरी हालत न्हाईत. म्होरची गाडी हालली की मगच आपली फटफटी हालिवत्यात. मागची लोकं शिव्या घालत्यात. मला इचारत्यात, हिरवाच हाय न्हवं?"

मी म्हणालो, वय झालं की माणूस जपून वागतो, वहिनी. एवढंच म्हणालो. खोट्याच्या कपाळी गोटा, असं आपल्यात म्हणतात. साफ चूक. माझं काही बिघडलं नाही. मला बढती मिळाली, घर वाढवलं, दगडांचं कपाट भरलं. गोटा बसला तो खरं बोलणाऱ्याच्या कपाळी.

छंद मी सोडला नाही. सोडायला पाहिजे होता. उलट पुण्यात दगडांची प्रदर्शनं लागली की जाऊन रंगीत अमोनाइट विकत आणायला लागलो, मादागास्करचे, आधीच सोडवून घासलेले. कुणी याला प्रायश्चित्त म्हणेल, पण प्रायश्चित्त असं दुकानातून मिळत नाही. मला वाटायचं, दादाने ते बघावेत, त्याला कळावं की दगडात रंग असतो. एकदा तो आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला मुद्दाम वर नेलं. त्याने एकेक हातात घेतला आणि शाळेत गुरुजींपुढे उभं राहिल्यासारखं विचारत गेला, "ह्यो हिरवा, व्हय? ह्यो तांबडा? कडंला निळं हाय, बराबर?" एकही चुकला नाही. मी म्हणालो, दादा, बघ, तुला सगळं नीट दिसतंय. तो म्हणाला, "तू व्हय म्हनतोस म्हनून दिसतंय रं." मला तेव्हाच सांगून टाकायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बायको चहा घेऊन जिन्यात उभी राहून हाका मारायला लागली आणि मी ती सबब घेतली.

गेल्या दिवाळीआधी दादाच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. पूर्वीसारखा मोठ्याने बोलत होता. "आरं, समदं धुतल्यावानी दिसतंय! हिच्या साडीचा रंग मला म्हाईतच न्हवता. एक काम कर. त्यो माजा दगूड हाय न्हवं, त्यो घिऊन ये. एकदा बघू दे."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दादा सोप्यात काळा चष्मा लावून बसला होता. मी दगड दिला. त्याने वहिनींकडून पाणी मागून घेतलं, दगड ओला केला, उठून उन्हात गेला. चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हटलं होतं, वहिनी ओरडल्या, पण त्याने ऐकलं नाही. एका बाजूने बघितला, दुसऱ्या बाजूने बघितला, नखाने खरवडला. सोप्यात येऊन बसला.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाईच. मला वाटलं, डोळं साप झालं, आता तरी दिसंल. येडा माझा जीव." आणि हसला.

त्या हसण्याने मला बसवेना. मी उभा राहिलो.

"दादा, रंग व्हता."

"आं?"

"रंग व्हता. तू सांगितलास तस्साच. हिरवा, तांबडा, मधी जांभळी रेघ. म्या चाकावर धरला आन् निम्मा गेला. ऱ्हायलेला म्या मुद्दाम घासला, दार लावून. तुला खोटं सांगितलं. समद्यांच्या म्होरं सांगितलं. तुज्या डोळ्याला कवाच काय झालं न्हवतं."

एवढं एका दमात बोललो आणि वाट बघत राहिलो. त्याने उठून मुस्कटात दिली असती तरी मी त्याचे पाय धरले असते. वहिनी दाराशी पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या. दादाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तू सांगितलंस व्हय ह्येला?" त्याने वहिनींना विचारलं. "बसची नोकरी, सिग्नलचं, समदं?"

"दादा, खरं सांगतोय. आईच्यान."

"गेलेल्या आईला कशाला मधी घेतोस?" तो मवाळ आवाजात म्हणाला. "बस खाली. आरं, मला कवाच वाईट वाटलं न्हाई. डोळ्याला दिसतंय त्ये समदं आसतंयच आसं थोडंच हाय?" मग वहिनींना म्हणाला, "बघितलंस? माज्या मनाला बरं वाटावं म्हनून सोताच्या हाताला बट्टा लावून घ्याय लागलाय. सबंध नोकरीत ज्येचा एक जोड म्हागारी आला न्हाई, त्यो म्हनतोय म्या रंग घालिवला."

मी परत सांगितलं. चाकाचं, साईचं, दोन बोटं रुंद पट्ट्याचं. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. जे दाखवता आलं असतं ते मीच झाडून टोपलीत भरलं होतं. मी जितकं जास्त सांगत गेलो तितकं दादाला जास्त भरून येत गेलं.

"पुरं आता," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "ल्हानपनापास्नं बघतोय तुला. खोटं बोलाय तुला कवाच जमलं न्हाई."

वहिनी डोळ्याला पदर लावून चहा टाकायला आत गेल्या. दादाने दगड टॉवेलाने कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.